शेवाळाचा सत्कार

माझ्या पहिल्या नोकरीत मी चालत शिरलो नाही, बसून शिरलो.

ऑगस्ट महिना होता. लोणावळ्याहून औंढ्याकडे निघालं की रस्त्याच्या डाव्या हाताला, खोलगटात, सरकारी भातशेतीचं एक लहानसं केंद्र होतं. तिथे कारकून म्हणून मला रुजू व्हायचं होतं. रस्त्यापासून खाली कचेरीपर्यंत नऊ दगडी पायऱ्या. माझ्या एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात छत्री, आणि नेमणुकीचा कागद चुरगळू नये म्हणून दातांत धरलेला. पहिल्या दोन पायऱ्या मी उतरलो. पुढच्या सात मला न विचारताच उतरून झाल्या. आधी वळकटी पोचली, तिच्यामागून मी, आणि सगळ्यांत शेवटी छत्री, तीही उलटी होऊन. कागद मात्र दातांतच होता. सरकारी कागदाला जपणं मला असं पहिल्या दिवसापासून जमतं. त्याच गुणाने पुढे काय घात केला, ते सांगतोच.

आवाज ऐकून कचेरीतून एक किडकिडीत गृहस्थ अनवाणीच धावत आले. वय पन्नाशीच्या जरा अलीकडे, खाकी अर्धी चड्डी, वर पांढरा सदरा, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. मला उठवायला आले असणार, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी त्या हाताला वळसा घातला, भराभर वर चढले आणि मधल्या पायरीवर गुडघे टेकून भिंगातून दगड पाहू लागले.

"कितव्या पायरीपासून?" त्यांनी वरूनच विचारलं.

मी दातांतला कागद काढला. "तिसऱ्या."

"शेवटपर्यंत?"

"हो."

"अरेरेरे! पाचवीवर काय सुंदर थर धरला होता हो. तीन आठवडे मी स्वतः तिच्यावर पाय ठेवला नव्हता."

मी उठू लागलो तर म्हणाले, "हलू नका." आता तरी हाडबिड मोडलंय का ते बघतील, असं वाटलं. त्यांनी खिशातून एक पोस्टकार्ड काढलं, मला पालथं वळायला सांगितलं आणि माझ्या पँटच्या बैठकीवरचा हिरवा लगदा हलक्या हाताने खरवडून एका बाटलीत भरला.

"वाया कशाला घालवायचं?" ते म्हणाले.

तुम्हाला लागलं का, हेही त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी, हजेरीपटावर सही करताना.

हे आमचे भाऊसाहेब. मावळात शेतीखात्याच्या कुणालाही भाऊसाहेबच म्हणतात, पण इतर भाऊसाहेब बदली होऊन जायचे आणि हे तिथेच, शेवाळासारखे, दगडाला धरून राहिले होते.

लोणावळ्यात ज्यांनी पावसाळा काढलेला नाही त्यांना सांगायला हवं. तिथे जूनमध्ये सुरू झालेलं पाणी ऑक्टोबरपर्यंत हटत नाही. दारं फुगतात, मीठ पाझरतं, काड्यापेटी उशीखाली घेऊन झोपावं लागतं. आणि शेवाळ चढतं. पायऱ्यांवर, भिंतींवर, कौलांवर, दोन दिवस बाहेर राहिलेल्या चपलेवर. अख्खं गाव चार महिने हातात काथ्या आणि ब्लिचिंग पावडरचं डबडं घेऊन त्याच्याशी झगडत असतं. आणि त्याच गावाच्या वेशीवर सरकारने एक माणूस नेमला होता, शेवाळ वाढवायला.

अर्थात त्यांचं शेवाळ आपल्या मोरीतलं नव्हे. निळं-हिरवं म्हणून त्याची एक जात असते. भाऊसाहेब ते असं समजावून सांगायचे: "हवेत नत्र आहे. भाताला नत्र हवं. पण भाताला ते हवेतून घेता येत नाही. हे गडी घेतात आणि भाताला देतात. बदल्यात मागतात काय? पाणी आणि ऊन. असे गडी मिळतील तुम्हाला मावळात?"

गडी म्हणजे शेवाळ. शेवाळ हा शब्द ते फक्त सरकारी पत्रात आणि परक्यांसमोर वापरत. कचेरीमागे आठ उथळ सिमेंटचे हौद होते. उन्हाळ्यात त्यांत माती आणि पाणी घालून आधीच्या वर्षीचं थोडं शेवाळ विरजणासारखं लावायचं, उन्हात त्याची साय धरू द्यायची, ती वाळली की खपल्या खरवडून पुड्या बांधायच्या आणि आवणीनंतर, म्हणजे भाताची रोपं लावून झाल्यावर, आठवड्याने शेतकऱ्यांनी त्या खाचरात टाकायच्या, अशी योजना. रोज सकाळी भाऊसाहेब चपला लांब काढून हौदांपाशी जायचे.

"काय गड्यांनो, उठलात का?"

पाण्यावर बुडबुडे दिसले की खूश. ढगाळ असलं की चेहरा उतरायचा. "आज गडी कंटाळलेत," असं म्हणत कचेरीत यायचे आणि दिवसभर स्वतःही कंटाळलेले असायचे.

एकदा मी हजेरीपटावर तारखा लिहीत बसलो होतो, तर माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "माझे गडी डोळ्यांना दिसत नाहीत, पण काम करतात. कचेरीत उलटं आहे." त्या वेळी कचेरीत आम्ही दोघंच होतो, त्यामुळे टोला कुणाला, याचा विचार करावा लागला नाही.

माझं लग्न त्याच वर्षी झालं. बायको तळेगावची. राहायला मिळालं ते भाऊसाहेबांच्या खोल्यांना लागूनच, आणि जायला-यायला त्याच नऊ पायऱ्या. पुढच्या पावसाळ्यात, आषाढातल्या एका सकाळी ती काथ्या आणि विटेचा चुरा घेऊन पहिल्या पायरीवर बसली. भाऊसाहेब दात घासता घासता बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले.

"वहिनी, हे काय करताय?"

"पायऱ्या घासतेय."

"कुणाला विचारून?"

"पायऱ्यांना."

तीन दिवस दोन्ही घरांत बोलणं बंद. मी मधल्यामधे दोन्हीकडचा निरोप्या, आणि दोन्हीकडून बोलणी खाणारा. चौथ्या दिवशी तह झाला. कचेरीची पाटी रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट होता, त्याने भाऊसाहेबांनी नवही पायऱ्यांच्या मधोमध रेघ ओढली. डावी बाजू आमची, उजवी त्यांची. बायकोने त्या रेघेपर्यंत अगदी सुतात घासलं. एका बाजूला काळा दगड, दुसऱ्या बाजूला हिरवा गालिचा. नवखा माणूस विचारायचा, तेव्हा मी "हद्द आहे" एवढंच सांगायचो. भाऊसाहेब त्यांच्या हिरव्या बाजूवरून अनवाणी, पालीसारखी बोटं रुतवत, झरझर चढ-उतर करायचे. कधी घसरले नाहीत. मी त्या पावसाळ्यात तीनदा घसरलो, तिन्ही वेळा घासलेल्या बाजूवरून. बायकोचं म्हणणं, त्यात पायरीचा दोष नाही.

भाऊसाहेबांची माणसं पारखण्याची रीत वेगळी होती. कुणाच्याही घरी गेले की ते आधी उत्तरेकडची भिंत बघायचे. माझ्या मावसभावासाठी इंदुरीला मुलगी बघायला गेलो, तेव्हा वडीलधारं माणूस सोबत असावं म्हणून मी त्यांना नेलं, ही माझी आणखी एक चूक. पोहे आले, मुलगी आली, आणि भाऊसाहेब गायब. मुलीचे वडील सारखे रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. शेवटी मी शोधायला उठलो तर हे परसातल्या विहिरीत, सहाव्या पायरीवर, ढोपरभर ओले, डोळ्याला भिंग लावून.

ते वर आले, हात पुसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "जमवून टाका."

मुलीचे वडील चकित. "अहो, पण मुलीला काही विचारलं नाहीत..."

"विहीर बघितली ना. कित्येक वर्षांत ब्लिचिंग पडलेलं नाही. घरातली माणसं दमाची आहेत. दिसलं हिरवं की घास, असला उतावळेपणा नाही."

लग्न जमलं. मावसभावाचा संसार आजही छान चाललाय. आमच्या घरात यावर बोलणं निघालं की बायको मला विचारते, "आमच्या तळेगावच्या विहिरीत कोण उतरलं होतं?"

सगळे शेतकरी मात्र इंदुरीच्या विहिरीइतके समजूतदार नव्हते. भाऊसाहेब सायकलीला पुड्यांची पिशवी अडकवून गावोगाव फिरत आणि तशीच भरलेली पिशवी घेऊन परत येत. पवनानगरकडच्या एका म्हाताऱ्या आबांनी त्यांना सरळच विचारलं, "भाऊसाब, शेवाळावरनं घसरून माजा बा कमरंतनं गेला. आन तुमी म्हंता, त्येच खाचरात घालू?"

"आबा, हे वेगळं शेवाळ."

"त्येला कसं कळनार मी वेगळा हाय म्हून?"

दुसऱ्या एकाने पुडी घेतली आणि कोंबड्यांना घातली. त्याला वाटलं भाऊसाहेब रागावतील. त्यांनी वही काढली आणि कोंबड्यांची प्रकृती विचारून लिहून घेतली.

आमच्या केंद्रावर औंढ्याच्या एक मावशी रोजंदारीवर यायच्या. झाडलोट, हौदात पाणी भरणं, पुड्या बांधणं, सगळं त्यांच्याकडे. दोन म्हशींच्या मालकीण आणि तोंडाने फटकळ. भाऊसाहेब हौदांशी बोलायला लागले की त्या खराटा टेकवून ऐकत उभ्या राहायच्या. एकदा मी हसत म्हणालो, "काय मावशी, समजतं का काही?"

"समजायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "म्या म्हशीसंगं बोलती, त्ये शेवाळासंगं बोलत्यात. तुमी कुनासंगं बोलता?"

मी फायलीत डोकं घातलं.

तो काळ मेळाव्यांचा होता. खात्यातल्या प्रत्येकाला काहीतरी नवं सापडलं होतं आणि ते लोकांना दाखवायची घाई झाली होती. सुधारित बियाण्यांचं प्रदर्शन व्हायचं, जातिवंत कोंबड्यांचं व्हायचं. आणि सगळ्यांत थाटाचा तो संकरित वासरांचा मेळावा. तो एकदा भर जुलैत आमच्याच आवारात झाला होता. वासरांच्या गळ्यात घुंगरू, शिंगांच्या जागी गोंडे, पुण्याचे मोठे साहेब वासराच्या पाठीवर हात ठेवून उभे, फोटोवाला गुडघ्यावर. भाऊसाहेब त्या दिवशी मागे कोपऱ्यात उभे होते. मला हळूच म्हणाले, "विज्ञान तेही आहे आणि हेही आहे. पण वासराला गोंडा बांधता येतो. माझ्या गड्यांना काय बांधू?"

त्यानंतर त्यांनी वरच्या कचेरीला पत्र लिहिलं. शेवाळाचाही मेळावा व्हावा. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. अशी सोळा-सतरा पत्रं मीच टाइप केली असतील. शेवटी उत्तर आलं ते दोन ओळींचं. साहेब मेअखेरीस येतील, मेळाव्यात काम बघतील आणि योजना पुढे चालवायची की बंद करायची, ते तिथेच ठरवतील. बंद म्हणजे हौद बुजवून वर बी-बियाण्याचं गोदाम, आणि भाऊसाहेबांची बदली कुठल्यातरी कोरड्या जिल्ह्यात, जिथे शेवाळ फक्त शब्दकोशात सापडेल.

पण भाऊसाहेबांनी त्या पत्रातला "मेळावा" तेवढाच वाचला. त्यांचा बेतही ठरला. आठही हौद नुकते जोमाने धरले होते. साहेबांच्या हस्ते पहिली खपली खरवडायची आणि तीच शेतकऱ्यांना वाटायची. मेळाव्याला चार दिवस उरले असताना ते सायकल एस.टी.च्या टपावर टाकून आमंत्रणं करायला निघाले.

"व्यवस्था तुमच्यावर," ते मला म्हणाले. "वासरांच्या मेळाव्यात जे जे केलं, ते ते सगळं माझ्या गड्यांसाठी झालं पाहिजे. काही कमी पडायला नको."

मी कारकून. "जे जे केलं ते ते" असं कुणी म्हटलं की आमच्या धंद्यात एकच गोष्ट करतात. मी वासरांच्या मेळाव्याची फाईल काढली आणि तिच्यातली कामांची यादी शब्दन्‌शब्द उतरवून घेतली. मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर, झेंडूचे हार, पिण्याचं पाणी. सहावं कलम होतं: आवारातील सर्व शेवाळ काढून ब्लिचिंग टाकणे व चुना देणे. तेही उतरवलं. खाली झोकदार सही केली, यादी मावशींना वाचून दाखवली आणि मांडववाल्याकडे लोणावळ्याला निघून गेलो.

मावशींनी पायऱ्या बघितल्या. मे महिना, दगड कोरडा खडखडीत. भिंती बघितल्या. त्याही कोरड्या. आख्ख्या आवारात शेवाळ होतं ते एकाच ठिकाणी.

मी परतलो तेव्हा आठही हौद आतून-बाहेरून पांढरेशुभ्र झालेले. उन्हात डोळे दिपत होते. आणि इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण ती मी पुढे कितीतरी दिवस कुणालाच सांगितली नव्हती. मला काहीच खटकलं नाही. लोणावळ्यात पाहुणे येणार म्हटलं की आधी हिरवं घासायचं, ही हाताची सवय झालेली असते. डोक्याला विचारायला कुणी जात नाही. उलट मी मावशींना म्हणालो, "झकास!" पुढचे दोन दिवस मी त्या हौदांभोवती सनईवाल्याच्या ऐटीत फिरत होतो.

मेळाव्याच्या सकाळी पहिल्या एस.टी.ने भाऊसाहेब उतरले. तोंड उन्हाने रापलेलं, पण खुशीत. "पवनानगरचे आबा येतायत! घसरलेल्या बापाची गोष्ट सांगणारे! यायला लावलंच त्यांना!" असं वरूनच ओरडत ते पायऱ्या उतरले, चपला काढल्या आणि हौदांकडे वळले.

"काय गड्यांनो..."



त्यांना थांबलेलं बघितलं आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ते पहिल्या हौदाच्या काठावर बसले. गळ्यातलं भिंग काढलं, आणि पांढऱ्या चुन्यावरून तसूतसूने फिरवू लागले. मग दुसरा हौद. मग तिसरा. एखादा तरी वाचला असेल, म्हणून शोधत होते. आठव्या हौदापाशी मी त्यांना गाठलं. मी काय बोललो असेन? "चुकलं," असं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "यादीत होतं, भाऊसाहेब."

त्यांनी यादी मागितली. सहावं कलम वाचलं. खालची सही वाचली. कागदाची नीट घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "चला. पाहुण्यांना पाणी द्यायला हवं."

दहा वाजता साहेबांची जीप आली. मांडव भरलेला. आमची बायको बायकांमध्ये पुढे बसलेली. साहेब हौदांपाशी थांबले, कंबरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "व्वा! काय स्वच्छता! इतकं टापटीप केंद्र मी जिल्ह्यात पाहिलं नाही!"

माझ्या जिवात जीव आला. वाटलं, निभावलं. आता फक्त गप्प बसायचं. साहेबांना शेवाळातलं फारसं कळत नव्हतं. पुण्याला जाऊन त्यांनी चांगला शेरा मारला असता, हौद राहिले असते, भाऊसाहेब राहिले असते.

भाऊसाहेब लाउडस्पीकरसमोर उभे राहिले.

"साहेब, हौद स्वच्छ आहेत, तीच अडचण आहे," ते म्हणाले. "ह्यांत शेवाळ होतं. आज तुमच्या हस्ते ते काढायचं होतं. ते आधीच धुतलं गेलं. ह्या केंद्राचा प्रमुख मी आहे, चूक माझी आहे."

मांडवात कुजबुज झाली. साहेबांचा चेहरा बदलला. "मग मी इथे पाहायचं काय?"

"हौद," भाऊसाहेब म्हणाले.

मागून कुणीतरी खिदळलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांच्या शेजारच्या माणसाने फाईल उघडून पेनाचं टोपण काढलं. मी खुर्च्यांच्या मागे उभा होतो. दोन पावलं पुढे टाकून "सही माझी आहे" एवढे तीन शब्द बोलायचे होते. मी लाउडस्पीकरची वायर नीट करायला लागलो. ती नीटच होती.

इतक्यात मागच्या रांगेतून मावशी उठल्या.

"आवं भाऊसाब, गेलं म्हून कोन म्हनालं? माज्याकडं हाय की!"

भाऊसाहेबांनी मान वर केली. "काय आहे?"

"तुमचं गडी. कागदावर काढा म्हून व्हतं, म्हून म्या काढलं. पर उकिरड्यावर कसं टाकू? रोज तुमी त्येंच्यासंगं बोलता. बोलन्यातल्या मानसांला कुनी उकिरड्यावर टाकतं व्हय? पाट्या भरून घरी न्हेलं. आमच्या म्हशींच्या डबक्यात सोडलंय. लय मजेत हाय."

भाऊसाहेबांनी कुणाची परवानगी घेतली नाही. चपलाही घातल्या नाहीत. ते मांडवातून सरळ बाहेर पडले, मावशी त्यांच्यापुढे, आणि मागोमाग सगळा मेळावा उठला. साहेब खुर्चीत एकटेच उरले तेव्हा त्यांनाही यावंच लागलं. त्यांच्यामागे हारांचं ताट घेऊन मी. औंढ्याची वाट दहा मिनिटांची, वरून ऊन. पवनानगरचे आबा काठी टेकत सगळ्यांना सांगत होते, "पोरांनो, जपून. भाऊसाबांचं शेवाळ हाय."

ओढ्याच्या वळणावर झऱ्याचं पाणी अडून झालेलं डबकं होतं. त्यात दोन म्हशी. आणि म्हशींच्या भोवती, शेणाच्या आणि उन्हाच्या राज्यात, काठापासून काठापर्यंत निळी-हिरवी साय पसरलेली. हौदांत कधी धरली नव्हती इतकी दाट. एका म्हशीच्या पाठीवरही तिचा तुकडा शालीसारखा पडला होता.

भाऊसाहेब पाण्यात उतरले, चड्डी भिजेपर्यंत. भिंग डोळ्याला लावलं. सगळे काठावरून वाकले. म्हैससुद्धा रवंथ थांबवून बघत होती.

"आहेत," ते म्हणाले. भिंग थोडं पुढे सरकवलं. "सगळे आहेत."

आबा काठावर आले. वाकून त्यांनी ओंजळभर साय उचलली, बोटांनी चोळली, नाकाला लावली. "आरं, हे व्हय! हे तर आमच्या वरच्या खाचरात आपसूक येतंय. तितलं भात कायम काळंभोर असतंय. आमी म्हनायचो, जागा चांगली." मग भाऊसाहेबांकडे वळून चिडूनच म्हणाले, "मंग पुडीत वाळवून कशापायी दाखवत फिरलास रं इतकी वरसं? वल्लं दावायचं न्हाई व्हय!"

साहेबांना आता काहीतरी करणं भाग होतं. फोटोवाला येऊन गुडघ्यावर बसलाच होता. त्यांनी माझ्या ताटातला हार उचलला आणि गोंधळून इकडेतिकडे बघितलं. कुणाला घालायचा?

"पाण्यावर ठेवा, साहेब," भाऊसाहेब म्हणाले.

साहेबांनी बूट सांभाळत, मावशींच्या खांद्याचा आधार घेत, झेंडूचा हार हळूच पाण्यावर सोडला. तो हिरव्या सायीवर गोल पसरून राहिला. मांडवातल्यापेक्षा कितीतरी मोठ्या टाळ्या पडल्या. भाऊसाहेबांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी त्या हाराला हात जोडले. मग जवळच्या म्हशीने मान लांबवून हार खाल्ला. फोटो निघाला तो नेमका त्याच क्षणी.

जीपमध्ये बसताना साहेब एवढंच म्हणाले, "एक हंगाम. आणखी एक हंगाम देतो. पण हौद तसेच ठेवा. डबक्यावर मी शेरा कसा मारू?"

त्या वर्षी आवणी उरकल्यावर औंढ्यातल्या बायका कळश्या आणि पत्र्याचे डबे घेऊन मावशींच्या डबक्यावर यायला लागल्या. पवनानगरहून आबांनी नातवाच्या हाती दुधाची बरणी पाठवली. पुड्या कचेरीत तशाच पडून राहिल्या. भाऊसाहेबांना त्याचं जराही वाईट वाटलं नाही. हंगाम संपल्यावर आणखी एक मिळाला, मग आणखी एक, आणि असे एकेक हंगाम करत ते तिथूनच निवृत्त झाले. निरोपसमारंभात मी भाषण केलं. यादीचा उल्लेख टाळला.

यादी मला मेळाव्याच्या संध्याकाळीच परत मिळाली होती. खुर्च्या मोजून झाल्या तेव्हा भाऊसाहेब माझ्यापाशी आले. चड्डीला अजून चिखल होता. खिशातून घडी काढून माझ्या हातात ठेवली.

"यादी चांगली आहे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी सहावं कलम तेवढं गाळा."

घरी आलो. बायकोने चहा ठेवला. मी सबंध दिवसाची हकिगत रंगवून सांगू लागलो, म्हैस, हार, साहेबांचे बूट. ती हसली नाही. तिने माझ्या हातातला कागद घेतला, उलगडला, आणि खालची सही बघून पुन्हा घडी घातली. शेजारी भाऊसाहेबांच्या खोलीत बादलीचा आवाज होत होता. ते चड्डी धुवत असावेत. धुण्याचं पाणी ते बाटलीत भरून ठेवणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तिने कपात चहा ओतला, आधी एक त्यांच्यासाठी, मग माझ्यासाठी, आणि म्हणाली, "यंदाच्या पावसाळ्यात मी आपल्या बाजूच्या पायऱ्या घासणार नाही. तुम्ही तेवढे जपून उतरा."